मिस्त्रींच्या हातांचं काय झालं

मिस्त्रींना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्यांनी उघडलेलं इंजिन परत बंद करताना एकही नट उरत नसे, आणि दुसरी म्हणजे त्यांचे हात. पहिल्या गोष्टीबद्दल लोक बोलत. दुसरीबद्दल ते स्वतःच बोलत.

हात होतेच तसे. तळवे जुन्या टायरसारखे, आणि पेरांमधल्या काळ्या रेघा इतक्या खोल मुरलेल्या की साबणाने त्यांच्यापुढे कधीच हात टेकले होते. तापलेल्या सायलेन्सरला मिस्त्री असा हात लावत, जसा तापाने फणफणलेल्याच्या कपाळाला लावावा. गॅरेजात नव्याने आलेल्या कुणी खिशातून हातमोजे काढले, की ते गाडीखालून ओरडत, "काय साहेब, आज ऑपरेशन आहे वाटतं? पेशंट कुठाय?" सगळे हसत. मोजे परत खिशात जात आणि पुढच्या आठवड्यात त्याच मोज्यांनी गाडीची काच पुसली जाई.

मागच्या खोलीत धातू कातायचा लेथ होता. तो मालकांच्या भावजय चालवत. त्यांना सगळे वहिनी म्हणत. त्याही मशिनवर उघड्या हातांनी काम करत आणि मिस्त्रींना हा मोठाच पुरावा वाटे. "त्या वहिनी बघा," ते म्हणत, "घालतात का मोजे?"

"मी का घालत नाही, ते विचारलंत का कधी?" वहिनी आतून म्हणत.

मिस्त्रींनी कधी विचारलं नाही. आपल्या बाजूच्या साक्षीदाराची कोण उलटतपासणी घेतो?

मग मिस्त्रींच्या लेकीला मुलगी झाली. नात घरी आली त्या दिवशी ते कामावरून लवकर निघाले, पेट्रोलने हात चोळचोळून धुतले आणि तिला मांडीवर घेतलं. पोर गाढ झोपलेली. मिस्त्रींना राहवेना. त्यांनी अंगठा हलकेच तिच्या गालावरून फिरवला. पोरीने असा काही टाहो फोडला की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. गालावर लाल ओरखडा उठला होता.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "लेकराला पॉलिश पेपर लावताय का? द्या इकडे. तुम्ही लांबूनच बघा."

लेक बापासारखी हट्टी असली तरी मनाची मऊ. तिला वडिलांचा उतरलेला चेहरा बघवेना. तिने ओव्हनमधून भांडं काढायचे जाड मोजे आणले. त्यांच्यावर पिवळी सूर्यफुलं होती. "बाबा, हे घालून घ्या तिला." आणि ज्या माणसाने जन्मभर मोजेवाल्यांची टर उडवली, तो आपल्याच घरात सूर्यफुलांचे मोजे घालून, नातीला उकळत्या पातेल्यासारखं धरून बसला. जावयाने फोटो काढला. मिस्त्री म्हणाले, "हा कुणाला दाखवलास तर बघ." जावयाने सगळ्यांना दाखवला.

बायको मात्र हात धुवून मागे लागली, तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले. बोटांच्या भेगांतून हल्ली रक्त येत होतं, हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. बायकोने ते उशीच्या अभ्र्यावर पाहिलं होतं.

"हात कशाने धुता?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेट्रोलने. नाहीतर डिझेलने."

"आणि आंघोळ?"

मिस्त्रींनी हात पुढे केला. डॉक्टरांनी तळवा उलटासुलटा करून पाहिला. "तुम्ही ज्याला कमाई समजता ना, त्याला आमच्याकडे आजार म्हणतात. कातडी जाड झाली नाहीये, मेली आहे. इंजिनच्या जळक्या तेलाला आणि पेट्रोलला उघडा हात लावायचा नाही. मलम देतो, पण मोजे घातले नाहीत तर मलमाचा उपयोग नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

हत्यारांच्या दुकानात मिस्त्री आयुष्यभर छाती काढून शिरत आले होते. त्या दिवशी ते बायकोच्या मागून शिरले.

"हातमोजे हवेत," ते हळूच म्हणाले. "शेजाऱ्यासाठी."

दुकानदार मुरलेला होता. "शेजाऱ्याचा हात केवढा?"

"साधारण माझ्याएवढाच."

"आणि शेजारी करतो काय?"

"गाड्या दुरुस्त करतो," बायको म्हणाली, "आणि घरी येऊन खोटं बोलतो."

दुकानदाराने काउंटरवर एक लहानसं वॉशर टाकलं आणि मोज्यांचा ढीग मांडला. "जो घालून हे उचलता येईल, तो शेजाऱ्याचा."

मिस्त्रींनी आधी चामड्याचे उचलले. घालायचेच तर मर्दानी तरी घालू. वॉशर काउंटरभर पळालं, हाती लागेना. "ते वेल्डिंगला आणि गरम कामाला," दुकानदार म्हणाला. सुती विणलेल्या मोज्यांनी वॉशर उचललं, पण बायकोने मोज्यावर दुकानातल्याच तेलाचा थेंब टाकून पाहिला. तेल क्षणात आत. "हे घालून तेलात हात घालणं म्हणजे तेलाची पट्टी बांधून बसणं," ती म्हणाली. ती भाजी निवडावी तशी मोजे निवडत होती. शिवण ताणून बघत होती, बोटांच्या बेचक्यात फुंकर मारत होती. तळव्याला रबर चढवलेले विणीचे मोजे पत्र्याच्या धारेला आणि जड वस्तू उचलायला बरे निघाले. शेवटी दुकानदाराने काळे, पातळ, रबरी मोजे काढले. त्यातून मिस्त्रींना वॉशरची कडसुद्धा जाणवली. ते चमकले, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"एक माप मोठं द्या," ते म्हणाले. "हात मोठा आहे."

"हात आहे तेवढाच आहे," दुकानदार म्हणाला. "बोटाच्या टोकाला मोजा लोंबला तर नट पडणार, आणि घट्ट झाला तर दुपारपर्यंत फाटणार."

मापाचाच घेतला. तेलाला काळे, उचलाउचलीला विणीचे आणि गरम कामाला चामड्याचे. दुकानदार पिशवी देत म्हणाला, "शेजारी नशीबवान आहे हो."

गॅरेजात व्हायचं तेच झालं. "काय साहेब, ऑपरेशन?" चार गाड्यांखालून एकदम आवाज आला. मिस्त्रींनी दात आवळून ऐकून घेतलं. पण टोमणा मारणाऱ्यालाही दम लागतोच. लोक थकले, आणि मिस्त्रींना मोजे आवडू लागले.

हे आवडणं टोमण्यांपेक्षा वाईट ठरलं. आता ते जो भेटेल त्याला मोज्यांवर व्याख्यान देत. उघड्या हाताने तेल बदलणाऱ्याकडे ते असे बघत, जसं काही त्याने जेवणाच्या ताटात पाय ठेवलाय. उत्साहाच्या भरात एके दिवशी ते विणीचे मोजे घालूनच ड्रिल मशिनपाशी उभे राहिले. मोज्याचा एक धागा सुटला होता. फिरत्या ड्रिलने तो पकडला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजा हातातून ओढून घेतला. वहिनींनी धावत येऊन बटण बंद केलं. मोजा ड्रिलभोवती पिळून बसला होता. मिस्त्रींचा अंगठा मुरगळला होता, पण जागेवर होता.

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "फिरत्या मशिनपाशी मोजा घालत नाहीत, मिस्त्री. ते ओढून घेतं. म्हणून मी घालत नाही. आता तरी कळलं?"

मिस्त्री स्टुलावर बसले, पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी मात्र व्याख्यानात नवा मुद्दा आला. "फिरत्या मशिनला हात उघडाच हवा. हे तर मी पहिल्यापासून सांगत आलोय!" आणि गंमत अशी, की ते खोटंही नव्हतं.

मलम, साबण आणि मोजे यांनी हळूहळू काम केलं. भेगा बुजल्या, काळ्या रेघा फिकट झाल्या. नात त्यांच्या हातावर झोपू लागली. बायको एकदा त्यांचा तळवा हातात घेऊन म्हणाली, "लग्नात असाच होता." मिस्त्री लाजले.

मग एक नवं गिऱ्हाईक आलं. गाडीचा गिअरबॉक्स आवाज करत होता. मिस्त्री मोजे काढून सामोरे गेले. त्याने त्यांच्या स्वच्छ, गुलाबी हातांकडे पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "साहेब, हेड मिस्त्री कुठे भेटतील?"

"बोला ना, काय झालंय?"

"नाही, तुमचं ऑफिसचं काम असेल," तो म्हणाला आणि सरळ महिन्याभरापूर्वी लागलेल्या कारागिराकडे गेला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. तो कारागीर गिअरबॉक्सकडे आणि मिस्त्रींकडे आळीपाळीने बघू लागला.

मिस्त्री मागच्या खोलीत गेले, ग्रीसचा डबा उघडला आणि तळहातांना, नखांना, अगदी मनगटापर्यंत ग्रीस फासलं. नवं ग्रीस घेतलं, जळकं तेल नाही. डॉक्टरांचं एवढं त्यांनी ऐकलं. मग बाहेर येऊन ते दोन्ही हात समोर धरत म्हणाले, "बोला, गिअरबॉक्सचं काय?"

गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर विश्वास पसरला. "हां, तुम्ही होय! मला वाटलं..." त्याने सगळी तक्रार सांगितली, किल्ली दिली आणि निर्धास्त मनाने निघून गेला.

लेथच्या खोलीच्या दारात वहिनी उभ्या होत्या. "हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "माणसाचे दाखवायचे हात आज पाहिले."

मिस्त्रींनी साबणाने हात धुतले, कोरडे पुसले, काळे मोजे चढवले आणि गिअरबॉक्स उघडायला घेतला.