खोडावर थांबणं

वाळवंटातल्या आमच्या देगाश गावच्या बागांमध्ये खजुरीवर चढणारा माणूस खोडावर थांबत नाही. पाय लावला की थेट शेंडा. मध्ये थांबतो तो शिकाऊ, नाहीतर घाबरलेला. माझा मेहुणा सास्सी कधी थांबला नव्हता. त्याला चढायला मीच शिकवलं होतं.

मागच्या हिवाळ्यात त्याला विषाणूचा ताप आला. ताप गेला, पण माणूस पूर्वीचा झाला नाही. घरापासून बागेपर्यंत जायचं तरी वाटेत बसायचा. एक्स-रे स्वच्छ होता. स्फाक्स शहरातल्या दवाखान्याने त्याला नाजिहाबाईंकडे सोपवलं. दमलेल्या शरीराला पुन्हा कामाला लावणं हे त्यांचं काम. स्फाक्स लांब, म्हणून बाई दर मंगळवारी फोनच्या पडद्यावर यायच्या. त्याची बायको, म्हणजे माझी बहीण मब्रूका, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची.

"सास्सीकाका, व्यायाम झेपला का?"

"झेपला. अल्हम्दुलिल्लाह."

"दुसऱ्या दिवशी थकवा?"

"उत्तम. अल्हम्दुलिल्लाह."

परक्या माणसाने तब्येत विचारली तर आमच्याकडे 'देवाची कृपा' याखेरीज दुसरं उत्तर नसतं. मरणाऱ्यापाशीही नसतं. बाई खूश व्हायच्या आणि खुर्चीवरून उठणं-बसणं वाढवायच्या. मग सास्सी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा. चहाचा पेला उचलतानाही त्याला धाप लागायची.

"खरं का सांगत नाहीस?" मी विचारलं.

"बाईमाणसापुढे रडू? तू आधी तुझे गुडघे बघ. म्हाताऱ्या उंटासारखे वाजतात."

मार्चमध्ये खजुरींना पोयी, फुलांचे मिटलेले कोंब, फुटल्या. मादी झाडाची पोय उघडली की थोड्याच दिवसांत तिच्यात नर फुलांचा तुरा बांधावा लागतो. नाहीतर त्या वर्षी घड नाही. बाकीची झाडं शेजारच्या हम्माने केली. उरली ती सास्सीच्या बापाने लावलेली, सगळ्यात उंच. तिला दुसऱ्याचा पाय लागलेला त्याला चालत नव्हता.

मंगळवारी सकाळी बागेत गेलो तर तिच्या बुडाशी त्याच्या चपला. वर पाहिलं. तो निम्म्याच्या वर होता. कमरेला तुरे, दातांत विळा.

"उतर!"

त्याने विळा हातात घेतला. "शेंडा आलाच."

"चढायला जोर लागतो, उतरायला शिल्लक लागते. उतर!"

तो वर गेला. एक तुरा बांधलेला मी पाहिला. शेंड्यावर पोहोचलेला माणूस पैगंबराच्या नावाने लांब हाक घालतो आणि शेजारच्या बागेतला ती पुरी करतो. सास्सीने हाक घातली. ती मध्येच तुटली.

पलीकडून हम्मा ओरडला, "काय रे, जेवला नाहीस का?"

मग हम्मा बांधावर आला आणि त्याने वर पाहिलं.

तेवढ्यात मब्रूका फोन घेऊन धावत आली. "दादा, हे कुठायत? बाई खोळंबल्यात." मी वर बोट दाखवलं. तिने फोन झाडाकडे फिरवला.

"हाक मी ऐकली. एरवी कशी असते?" त्यांनी विचारलं.

"एरवी पाटापलीकडे जाते," मी म्हणालो.

"हे खोटं सांगतात, बाई," मब्रूका म्हणाली. "व्यायाम झाला की दोन दिवस उठत नाहीत."

"म्हणजे मी उलटंच करत होते." बाईंचा आवाज खाली आला, मग पुन्हा ठाम झाला. "त्यांना म्हणावं, कपाळ झाडाला टेकवा. गरम चहावर घालतात तशी लांब फुंकर घाला. मग थोडं उतरायचं आणि थांबायचं. दम लागायच्या आधी थांबायचं."

सास्सी हे ऐकणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून शिकाऊ पोरांवर ओरडायचो तो आवाज काढला.

"सास्सी! विळा टाक!"

विळा वाळूत रुतला.

"कपाळ टेकव. फुंकर. आता उतर. थांब!"

"मी थकलो नाहीये!"

"म्हणूनच थांब!"

"हम्मा बघतोय!"

"मी कशाला बघू?" हम्मा म्हणाला. "मी पाटाचं पाणी बघतोय." आणि त्याने झाडाकडे पाठ केली.

सास्सी उतरू लागला. तोडलेल्या झावळ्यांच्या खुंटांवर त्याची टाच थरथरत होती. एकदा पायाला खुंट सापडला नाही. पाय हवेत फिरला, वरून भुसा पडला. मब्रूकाने पदर दातांत धरला.

"डावीकडे! अजून खाली. हां. थांब. फुंकर."

त्याची फुंकर आता खालीही ऐकू येत होती. पुन्हा उतरला, पुन्हा थांबवला. शेवटच्या टप्प्यात मी तोंड उघडण्याआधी तो आपणहून थांबला. कपाळ टेकवलं, श्वास सोडला, मग पाय खाली टाकला.

वाळूवर बसला तेव्हा त्याचे ओठ राखेसारखे होते. मब्रूकाने फोन त्याच्यासमोर धरला.

"काका, कसं वाटतंय?"

"अल्हम्..." श्वास पुरला नाही. त्याने फुंकर घातली, थांबला. मग म्हणाला, "वाईट. फार वाईट आहे, बाई."

"किती दिवसांपासून?"

"पहिल्यापासून."

"बरं. मग आपण पहिल्यापासून सुरुवात करू. आज, उद्या फक्त पडून राहायचं. पुढेही काही करताना सगळा जोर संपू द्यायचा नाही, पाणी आणतानासुद्धा."

सास्सीने मान हलवली. वर शेंड्यात उरलेल्या पोयी पांढऱ्या उघड्या होत्या. हम्मा बांधावरून वळला आणि नुसत्या नजरेने विचारलं. सास्सीने एकदा झाडाकडे पाहिलं. मग कमरेचे तुरे सोडून त्याने हम्मापुढे केले.

"चढ," तो म्हणाला. "मध्ये थांबलास तरी चालेल."