मिलिंददादांनी करून दिलेली झिप

मिलिंददादा काल गेले. परवा मी त्यांना कामाला लावलं होतं.

आमची कंपनी सोडून त्यांना वर्ष झालं. तरी इकडे हिंजवडीत टीमचं काही अडलं की फोन त्यांनाच. हक्काचा माणूस ना! आणि फुकटचा.

परवा क्लायंटला डेमो होता. पायथॉनचं एक फंक्शन क्लाउडवर चढवायचं होतं. त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, सोबत एकाच फाइलमध्ये झिप करून पाठवाव्या लागतात. माझ्या मॅकवर मस्त चालत होतं. क्लाउडवर गेलं की पहिल्याच लायब्ररीला आडवं.

फोन लावला.

"मॅकवरच पॅक केलंस ना?"

"हो."

"शाब्बास! अरे, तिकडे लिनक्स आहे. मॅकच्या लायब्रऱ्या तिथे कशा चालतील? लिनक्सच्या कंटेनरमध्ये इन्स्टॉल कर, मग झिप कर. आणि ते टेस्टचे फोल्डर उडव, साइजमध्ये बसणार नाही. सिंहगडावर जाताना घरातलं कपाट उचलून नेतोस का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, हात सरळ ठेवा."

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं.

विचारलं नाही.

उलट वैतागून म्हणालो, "दादा, आत्ता लेक्चर नको ना. तुम्हीच करून पाठवा."

मग म्हणाले, "बरं. कुठल्या लायब्रऱ्या हव्यात ते पाठव."

डेमोच्या आधी झिप आली. चढवली, चालली. क्लायंट म्हणाला, ग्रेट जॉब. मी म्हणालो, थँक यू.

दादांना काय पाठवलं? अंगठा. नुसता अंगठा.

आज बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेलो. बुद्धवंदना नुकतीच झाली होती. वहिनींजवळ जाऊन बसलो.

त्या म्हणाल्या, "छातीत दुखतंय म्हणून ॲडमिट केलं होतं हो. तिथेही कुणाचा तरी फोन! मला घरी पाठवून लॅपटॉप आणायला लावला. मी चिडले, तर म्हणतात, पोरगं अडकलंय गं, लगेच होईल."

मग माझ्याकडे बघून विचारलं,

"तुमच्यातलाच असेल ना कुणी? झालं का हो त्याचं काम?"

"झालं," म्हणालो.

आणि उठलो. चप्पल घातली, निघून आलो.

टीममधले म्हणतायत, तुझ्या फोनने काही फरक पडला नसता. नसेलही पडला. पण "दादा, कुठे आहात?" एवढं विचारायला काय जात होतं माझं?

लाज वाटते. परवाची वाटतेच, आजची त्याहून जास्त वाटते.

कृपया कमेंटमध्ये माझी समजूत काढू नका. इथे लिहिणं सोपं आहे, म्हणून इथे लिहितोय. उद्या परत बिबवेवाडीला जाणार आहे, आणि हे एक वाक्य तिथे तोंडाने बोलायचं आहे.

वहिनी, तो फोन माझा होता.

दादा, माफ करा. शेवटचा जयभीम.