शेवटच्या ओळीतलं नाव

“काका, एक मिनिट हाय का?” असं विचारून तो माझ्या टेबलाची कड बोटांनी वाजवायला लागायचा. उत्तराची वाट कधी बघायचा नाही. ते एक मिनिट दहा मिनिटांचं व्हायचं आणि माझं टपाल तसंच पडून राहायचं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नोकरीला लागलेला मी, आता निवृत्तीला टेकलो होतो आणि पाणीपुरवठ्याच्या टेबलावर बसून लोकांच्या शिव्या खात होतो. तो आमच्या ऑफिसच्या रिक्षाला भोंगा बांधून कोणत्या गल्लीत टँकर कधी येणार ते सांगत फिरायचा. भर उन्हात गुडघ्यापर्यंत लोंबणारा टीशर्ट आणि उलटी टोपी.

“अरे, टोपी उन्हासाठी असते. झापड मानेवर कशाला?”

“रॅपर हाय मी, काका. तुम्हाला न्हाई कळायचं.”

एकदा त्यानं टँकरची सूचनाच रॅपमध्ये दिली.

“घागर हाय, हंडा हाय, नंबर माझा बारा,
पाइपातून पाणी न्हाई, नुसता येतोय वारा!”

रांगेतल्या बाया पोट धरून हसल्या. साहेबांनी मात्र त्याला बोलावून झापलं, “पाण्याची चेष्टा करतोस?” मीही साहेबांच्या बाजूनं मान हलवली. त्याची मला आजही लाज वाटते.

पण साहेबांचं बोलणं तो दारातच झटकून गेला. त्याचा जीव अडकला होता बापाच्या एका शब्दात. बाप निलंग्याकडचा नावाजलेला गायक, भीमगीतांची स्वतःची गायन पार्टी असलेला. पोराचं रॅप ऐकून तो एवढंच म्हणाला होता, “हे गाणं न्हाई, भांडण हाय.” हे मला सांगताना तो हसला खरा, पण टेबलावरची बोटं थांबली होती.

त्या वर्षी भीमजयंतीला बापाची पार्टी लातुरातच आली. संध्याकाळी पेटीवाला चहाला उठला, तेवढ्यात समितीवाल्यांनी याच्या हातात माईक दिला. आधी शिट्ट्या, हुर्यो. मग त्यानं टँकरच्या रांगेचं ते रॅप सुरू केलं आणि रांगेत उभ्या राहिलेल्या बायाच टाळ्यांचा ठेका धरू लागल्या. मीही धरला. शेवटच्या ओळीत त्यानं बापाचं नाव घेतलं.

ह्या गायकांमधली रीत सांगायला हवी. गाण्याच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं. पण शिष्य असेल, तर गुरू परवानगी देईपर्यंत गुरूचंच नाव लावायचं. बापानं ह्याला कधी शिष्य मानलंच नव्हतं, आणि ह्यानं भर मंडपात ते नाव लावून टाकलं. बाप उठला आणि पोराकडे न बघता मंडपाबाहेर गेला.

“आबांचं नाव बुडवलं मी,” दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. रिक्षाची किल्ली आणि भोंगा माझ्या टेबलावर ठेवला आणि पुण्याची एसटी धरली. मी त्याला अडवायला हवं होतं. जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाप ऑफिसात आला. चपला दाराबाहेर काढून माझ्या टेबलापुढं उभाच राहिला.

“साहेब, त्याला फोनवर सांगा. म्हणावं, माझं नाव आता बास. हितून पुढं सोताचं लाव.”

“तुम्हीच सांगा की.”

“मला न्हाई जमायचं. त्या दिशी बी डोळे भरून आले. लोकांपुढं कसा बसू? म्हणून उठलो.”

तो गेल्यावर मी फोन लावला. निरोप सांगितला.

“काका, परत सांगा.”

सांगितला.

“तसं न्हाई. आबा जसं बोलले, तसंच्या तसं.”

जन्मात कुणापुढं दोन ओळी म्हटल्या नव्हत्या मी. भरल्या ऑफिसात, त्याच्या बापाच्या आवाजात, ते वाक्य चार वेळा म्हटलं.