नकाराची तालीम

आक्का आम्हाला नकार ऐकवायच्या, तोही शेंगा कुटताना. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या या इंग्रजीच्या निवृत्त बाई, परदेशातल्या बड्या विद्यापीठांना अर्ज करणाऱ्या मुलांचे निबंध तपासून द्यायच्या. त्याबदल्यात त्यांची शेंगाचटणी कुटून द्यावी लागे. मी उखळापाशी बसले, की मागून अचानक अगदी विद्यापीठाच्या गुळगुळीत इंग्रजीत आवाज यायचा: यंदा अर्ज फार आले, आपल्याला प्रवेश देता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्या वेळी मुसळाचा ताल चुकता कामा नये.

"थांबलं गं मुसळ," त्या म्हणायच्या. "म्हंजे लागलं मनाला. परत ऐक."

पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घालून नकार वाचला तेव्हा मी चक्क रडले होते. त्यांनी माझ्यापुढे लसणाच्या पाकळ्या सरकवल्या आणि पुन्हा वाचला. त्या वर्षी आक्कांच्या चटणीला जे तेल सुटायचं, ते या विद्यापीठांच्या कृपेनं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. त्यांचा एक हुशार विद्यार्थी सगळीकडून नकार आल्यावर खोलीत जाऊन बसला तो बसलाच. इथल्या कॉलेजातही गेला नाही. आक्का भेटायला गेल्या तर त्यानं दार उघडलं नाही. "त्याला इंग्रजी शिकवलं मी," त्या म्हणायच्या, "आन् हेच शिकवायचं राह्यलं की."

माझे बाबा एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर कामाला. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच मी जाणार, नाहीतर विषय संपला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निकाल पहाटे यायचे. एकेक नकार वाचून मी दात घासायला जायची. आत काहीही हलायचं नाही. आक्का खूश. "तयार झालीस की गं," म्हणाल्या. मलाही ते बळच वाटायचं.

शेवटचं उत्तर मी त्यांच्याच घरी उघडलं. फोन परातीला टेकवून ठेवला होता. मी वाचलं आणि कुटत राहिले. आक्कांनी चष्मा लावून वाचलं आणि त्या खाली फरशीवरच बसल्या.

"अगं, घेतलंय तुला. सगळा खर्च देणार हायत."

"वाचलं मी, आक्का."

मुसळ चालूच होतं. त्यांचा चेहरा उतरला. जीव घाबरा झाला की त्या कन्नडवर जायच्या. "साकु गं, साकु. पुरे आता. ठेव ते खाली." मी ठेवलं आणि पुढं काय करायचं ते त्या सांगतील म्हणून त्यांच्याकडे बघत बसले.

"ह्याची तालीम घ्यायची राह्यली," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं.

मग माझं जाणं होईपर्यंत त्यांचा नवाच उद्योग. दारातून मोठ्यांदा, "प्रवेश मिळालाय गं तुला!" असं ओरडायच्या आणि माझं तोंड निरखायच्या. मी हसायची. माझं हसू त्यांच्यासाठी आहे, हे त्यांना लगेच कळायचं. निघायच्या दिवशी मात्र ओरडल्या नाहीत. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "माझ्यासाठी हसू नगंस. येईल तुझं तुला कधीतरी."

पहिल्याच हिवाळ्यात आक्का गेल्या. बाबांचा फोन आला तेव्हा मी होस्टेलच्या स्वयंपाकघरात गाजरं चिरत होते. मातीला कोण कोण होतं ते विचारलं. आईची तब्येत विचारली. गाजरं चिरून झाली, भातही लावला.

आक्का माझ्या फार जवळच्या होत्या. एवढं मला कळतं, वाटत मात्र काहीच नाही.

"लई धीराची हायस बाळा," बाबा म्हणाले.

हा धीर नाही, हे एकट्या आक्कांनी ओळखलं असतं. आणि बातमी त्यांचीच होती.