साडूंची पाटलीण

या जगात जी जी वस्तू आहे तिची किंमत रोज थोडी थोडी उतरत असते, हे आपण सगळेच ऐकून असतो. पण ती उतरताना उघड्या डोळ्यांनी पाहू शकणारा एकच मनुष्य माझ्या परिचयात आहे, आणि ते म्हणजे माझे साडू. आमच्या मोहोपाड्याच्या घरी नवा सोफा आला त्या दिवशी ते मुद्दाम पाहायला आले, बसले, चहा प्याले आणि उठता उठता हळहळून म्हणाले, "सायेब, आता हा निम्म्यावर आला." रसायनीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सारी नोकरी गेली, म्हणून ते मला साहेब म्हणतात. पदार्थांचे विघटन मी परीक्षानळीत पुष्कळ पाहिले आहे. बसल्या जागी सोफ्याचे विघटन पाहण्याची दृष्टी मात्र मला लाभली नाही. 'घसारा' हा शब्द साडूंनी कधीतरी बँकेतल्या एका अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकला आणि बैलाचा कासरा धरावा तसा तो घट्ट हातात धरला. लग्नात आहेर म्हणून ते घड्याळ देत नाहीत, पातेले देतात. "पातेलं मोडीत घातलं तरी वजनाला भाव हाय," असे त्यांचे म्हणणे असते, आणि नवरानवरीला ते हे मांडवातच समजावून सांगतात.

साडू लोधिवलीचे. त्यांची रस्त्याकडची भातजमीन बंगल्यांच्या एका योजनेत गेली, तेव्हा ते आणि त्यांचे चुलतभाऊ या दोघांनी एकाच दसऱ्याला एकेक आलिशान सेडान दारात आणून उभी केली. दोन्ही गाड्या परदेशी घराण्यांतल्या आणि बाजारात एकमेकींच्या उघड वैरिणी. कंपन्यांची नावे लिहायला मला संकोच वाटतो. तशी गरजही नाही, कारण साडूंनी दोघींचे बारसे केव्हाच उरकले होते. स्वतःची ती पाटलीण आणि चुलतभावाची ती मास्तरीण. "पाटलीण म्हातारी झाली तरी पाटलीणच असते," ते सांगत. "मास्तरीण हुशार, चालीला चपळ, मी नाय म्हणत नाय. पण रिटायर झाली का तिला कोण इचारतो?" हे ते बोलले तेव्हा मला निवृत्त होऊन आठवडा झाला होता. त्यांच्या ते ध्यानात आले आणि त्यांनी घाईघाईने मला आणखी एक लाडू वाढला.

पाटलिणीची निवड त्यांनी सहा महिने अभ्यास करून केली होती. जुन्या गाड्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून कापून भाताच्या बियाण्याच्या वहीत त्यांनी चिकटवल्या होत्या. एका पानावर कोलम आणि इंद्रायणी, समोरच्या पानावर या दोघी. कोणती गाडी किती वर्षांनी किती उतरते, हे त्यांना आपल्या शेताच्या बांधाइतके पाठ होते. त्यांच्या मते सर्वांत मोठा घाव पहिल्याच दिवशी बसतो. "शोरूमच्या फाटकातून पुढची चाकं भायेर पडली का गेला दहावा हिस्सा!" म्हणून गाडी ताब्यात घेतल्यावर त्यांनी ती अर्धी फाटकात आणि अर्धी रस्त्यावर अशी उभी केली आणि बराच वेळ उतरेनात. शेवटी विक्रेत्याने अदबीने विचारले, "सर, काही राहिलंय का?" साडू म्हणाले, "हां. मागची चाकं."

त्यानंतर त्या गाडीची जी निगा राखली गेली ती मी अन्यत्र पाहिलेली नाही. पावसाळ्यात ती बाहेर निघत नसे, कारण चिखल. उन्हाळ्यात निघत नसे, कारण टायर तापतात. दिवाळी ते होळी एवढाच तिचा हंगाम, आणि तोही शक्यतो बुडवण्याकडे साडूंचा कल असे. आसनांवरचे कारखान्यातले प्लॅस्टिक त्यांनी कधी काढले नाही, त्यामुळे वळणावर प्रवासी या दारापासून त्या दारापर्यंत घरंगळत जात. हॉर्न वाजवायचा नाही, त्यालाही झीज असते. आत बसताना पायताण काढून पिशवीत घ्यायचे. एकदा मला खालापूरला तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी नेण्याचे औदार्य त्यांनी दाखवले. मी संकोचाने इतका भारावलो की चपला काढल्या, पण उचलून घ्यायला विसरलो. त्या लोधिवलीच्या रस्त्यावर राहिल्या आणि मी कचेरीत अनवाणी उभा राहिलो. कारकुनाने माझ्या पायांकडे पाहून विचारले, "काका, नवस हाय काय?" मी होय म्हणालो. दाखला लगेच मिळाला.

चुलतभावाचे सगळे उलटे. त्याने मास्तरीण अष्टविनायकाला नेली, तुळजापूरला नेली, तिच्यात भाताची पोती घातली, आंब्याच्या पेट्या घातल्या, एकदा तर व्यायला झालेली शेळी घातली. आठ वर्षांत ती इतकी दमली की पनवेलच्या एका दलालाने ती जवळजवळ कीव म्हणूनच विकत घेतली. साडूंनी तो भाव ऐकला आणि आठवडाभर गावात कारणाशिवाय पेढे वाटले. चुलतभाऊ कुंपणावरून ओरडला, "हस रं, हस! तुला भाव भेटंल, मला गावं भेटली." साडू आत जाऊन पाटलिणीवरचे आच्छादन सारखे करून आले.

पण पाटलीण दर रविवारी सकाळी सुरू करावीच लागे, नाहीतर बॅटरी उतरते. साडू पडवीलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन दहा मिनिटे इंजिन चालू ठेवीत, गाडी जागच्या जागी उभी. आणि त्या दहा मिनिटांत अक्का, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण, पुढच्या आसनावर जाऊन बसत असे. मांडीवर सोलायच्या वालांचे सूप, समोर काचेतून दिसणारी पेंढ्याची उडवी, आणि अंगावर गार वारा. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा थट्टेने विचारले, "अक्का, कुठपर्यंत पोचलात?" अक्का वालावरून नजर न काढता म्हणाली, "कर्जतच्या पुलावर आलो, भावोजी. दहा मिन्टांत तेवढंच होतं." मी हसलो. मग पुढच्या रविवारीही विचारले, आणि उत्तर तेच आले. हळूहळू माझ्या लक्षात आले की पुलापलीकडे काशेळ्याचा रस्ता आहे आणि काशेळ्याला या दोघी बहिणींचे माहेर आहे. इतक्या वर्षांत अक्का तिथे प्रत्येक वेळी एसटीने किंवा टेंपोने गेली होती. जाऊन येऊन चौसष्ट किलोमीटर होतात, हा साडूंचा आकडा पक्का होता.

अकराव्या वर्षी अक्काचे गुडघे गेले. सेडान ही जमिनीला लागून चालणारी गाडी; तिच्यात बसणे म्हणजे पाटावर बसणे आणि उठणे म्हणजे दोन माणसांचे काम. डॉक्टरांनी उंच आसनाची गाडी सांगितली आणि साडूंच्या आयुष्यातला तो दिवस आला ज्यासाठी त्यांनी अकरा वर्षे श्वास रोखून धरला होता: पाटलीण विकण्याचा. पनवेलहून गिऱ्हाईक आले. त्याने गाडी पाहिली, प्लॅस्टिक पाहिले, मीटर पाहिले आणि त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. अकरा वर्षांची गाडी आणि मीटर अजून चार आकड्यांत! त्याने सांगितलेला भाव मास्तरिणीच्या कितीतरी वर होता. "फक्त एक," तो जाताना म्हणाला, "पुढच्या सोमवारी येतो, तोवर मीटर चारच आकड्यांत पायजे. पाच आकडे झाले का माझ्या गिऱ्हाइकाचा मूड जातो." चार आकडे संपायला तेव्हा पंचेचाळीस किलोमीटर उरले होते. साडूंनी गाडीची किल्ली गणपतीच्या फोटोमागे ठेवली.

त्या संध्याकाळी अक्का म्हणाली, "इकायच्या आधी एकदा आबांच्या दारात उभी करा. मग काय ते इका." आबा म्हणजे आमचे सासरे. साडू कळवळून म्हणाले, "अगं, जाताना बत्तीस, येताना बत्तीस! असं करू, जाताना गाडीनं जाऊ, गाडी आबांकडंच ठेवू, गिऱ्हाईक तिकडनं नेईल. आपण येताना टेंपोनं येऊ." अक्काने स्वतःचे दोन्ही गुडघे हातांनी उचलून पाटावर ठेवले आणि कांदा चिरायला घेतला. साडूंनी फोटोमागची किल्ली काढली. मग मला फोन आला, "सायेब, रविवारी सकाळी तयार ऱ्हावा. दोघं. चपला पिशवीत घेऊन."

आबांचे वय नव्वदीच्या घरातले आणि डोळ्यांना अंधूक दिसते. तरुणपणी बैलबाजारात त्यांच्या शब्दाला मान होता. बैलाचे तोंड उघडून दात पाहायचे, खांद्यावरून हात फिरवायचा आणि किंमत सांगायची. साडू अक्काला पाहायला आले होते तेव्हाही आबांनी त्यांना असेच न्याहाळून निकाल दिला होता: "अंगानं बरा हाय, पण चालीला हळू." आता गाडी खळ्यात उभी राहिली, आम्ही तिघांनी मिळून अक्काला बाहेर काढले आणि आबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, समोरच्या जाळीवर बोटे फिरवली आणि विचारले, "किती दाती हाय?"

एरवी घसाऱ्यावर तासभर बोलणारे साडू खालच्या आवाजात म्हणाले, "जुळलीय, आबा. अकरा वरसं झाली." दात जुळले म्हणजे बैलाची उमेद सरत आली. आबा चाचपडत दारापर्यंत गेले, आत हात घालून आसनावरचे प्लॅस्टिक त्यांनी कुरकुरवून पाहिले, आणि पुन्हा बॉनेटपाशी आले.

"खांद्याला जुवाचा घट्टा नाय रं हिच्या."

"नाय, आबा. जपली."

"अकरा वरसाचा बैल, न् खांद्याला घट्टा नाय." आबा स्वतःशीच हसले. "बाजारात असतास तर मी म्हटलं असतं, बैल आजारी हाय, नायतर मालक."

माझी पत्नी तोंडाला पदर लावून घरात पळाली. अक्का हसली नाही, तिने जाऊन गाडीच्या दाराला हात लावला आणि वडिलांना म्हणाली, "आबा, बसा की जरा. गार वारा येतो." आबा पुढच्या आसनावर बसले. साडूंनी इंजिन सुरू केले. काठी आणि धुळीने भरलेल्या वहाणा यांसह आबा आत बसले होते, आणि साडूंनी पिशवी पुढे केली नाही.

परत येताना कर्जत जवळ आले तेव्हा साडूंनी अक्काकडे वळून विचारले, "लहानपणी तुमी बाजाराला हितूनच चालत यायच्या ना?" अक्का सांगू लागली: आबा पुढे, बैल मागे, आणि त्यांच्या मागे या दोघी बहिणी, खाऊच्या आशेने. साडू ऐकत होते. मी मागच्या आसनावरून पाहत होतो, आणि नेमके तेव्हाच मीटरवरचे चारही नऊ एकदम फिरले. मला वाटले सांगावे; पण अक्काचे बोलणे मध्येच तोडण्याचे धैर्य मला झाले नाही. पुलाआधी साडूंनी गाडी बाजूला घेतली आणि अक्काच्या बाजूची काच खाली केली. अकरा वर्षांत ती काच खाली गेलेली मी प्रथमच पाहिली. "बग," ते म्हणाले, "खरंच पुलावर आलो." घरी पोचल्यावर त्यांनी रुमालाने मीटरची काच पुसली, क्षणभर पाहिले, पुन्हा पुसली, आणि किल्ली अक्काच्या हातात दिली.

सोमवारी गिऱ्हाइकाने भाव पाडला. साडूंनी घासाघीस केली नाही. पाटलीण फाटकातून बाहेर पडत असताना चुलतभाऊ कुंपणाशी आलाच. "काय रं, किती भेटले शेवटी?" अकरा वर्षे जपलेले उत्तर देण्याची वेळ ती. साडू म्हणाले, "काशेळ्याला जाऊन आलो." चुलतभावाने विडी पुढे केली.

त्या साली शिमग्याच्या आधीच आबा गेले. साडूंनी उंच आसनाची एक साधी गाडी घेतली आहे; तिच्या आसनांवरचे प्लॅस्टिक त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः फाडले. आबा नसले तरी ते अक्काला घेऊन महिन्यातून दोनदा काशेळ्याला जातात आणि येताना पुलापाशी थांबतात. रविवारी मी लोधिवलीला गेलो तर पुष्कळदा शेड रिकामी असते, पडवीत वालांचे सूप तसेच असते, आणि मी पायरीवर बसून वाट पाहतो. परवा ते परतले तेव्हा गाडी धुळीने माखली होती आणि मागे काशेळ्याहून आणलेली तांदळाची पोती होती. केवळ बोलायला विषय हवा म्हणून मी विचारले, आज विकली तर हिचे किती येतील? साडूंनी बॉनेटवर तळवा ठेवला, आबांनी पाटलिणीवर ठेवला होता तसाच.

"घट्टा पडू दे आधी, सायेब," ते म्हणाले. "मग सांगतो."