चौथ्या उत्तरापर्यंत तो ठीक होता

दिल्लीत करोल बागेतल्या आमच्या लायब्ररीत, म्हणजे भाड्याच्या अभ्यासिकेत, रविवारी सकाळी आम्ही पाच मराठी पोरं-पोरी घड्याळ लावून यूपीएससीचा सराव पेपर सोडवायचो. लातूरचा आमचा मित्र प्रत्येक उत्तराशेजारी समासात सुरुवातीची वेळ लिहायचा. आम्ही त्याला स्टेशनमास्तर म्हणायचो.

त्या रविवारी त्याच्या हातून पेन पडलं. उचलायला गेला तर उजवा हात हलेना. बोलला ते कळेना. ओठाची एक बाजू उतरलेली.

"टेन्शन आहे यार. झोपू दे जरा," एकजण म्हणाला.

आणि एका संस्थेसाठी चौकाचौकात आरोग्याची पत्रकं वाटणाऱ्या मी काय केलं? लिंबूपाणी आणलं! ते त्याच्या तोंडातून ओघळलं तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. हा पक्षाघात होता. तो सत्ताविसाव्या वर्षीही होतो. अशा माणसाला पाणीसुद्धा पाजायचं नसतं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

लायब्ररीचे मालक कोपऱ्यावरच्या दवाखान्यात न्या म्हणाले.

"अंकल, वहाँ सीटी स्कैन है?"

"नहीं बेटा, पर ड्रिप लगा देंगे."

"ड्रिप का क्या करूँ?"

मोठ्या हॉस्पिटलला फोन करून स्कॅन चालू असल्याची खात्री केली, त्याची उत्तरपत्रिका पिशवीत कोंबली आणि निघालो.

"ठीक कब तक था?" इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सुबह से ही थोड़ा सुस्त था," बरोबर आलेला दुसरा मित्र म्हणाला.

मी उसळले. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून ठरावीक तासांतच देता येतं. 'सकाळपासून' म्हटलं की ते हातचं गेलं, आणि त्याच्याबरोबर मेंदूचा तेवढा भाग. मी उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे धरली. चौथं उत्तर, दहा चाळीस, अक्षर सरळ. पाचवं, दहा बावन्न, आणि दुसऱ्याच ओळीपासून अक्षर रेघ सोडून खाली घसरलेलं.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे गुठळीच होती. इंजेक्शन दिलं.

'झोपू दे' म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो. लिंबूपाणी आणणारीचाही.

दोन महिन्यांनी तो लायब्ररीत परतला. बोलणं स्वच्छ, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी आळशी. आल्या आल्या त्यानं माझ्याकडे तो पेपर मागितला; सगळ्यांचे पेपर मीच तपासायचे.

"पाचव्याला किती?"

"शून्य. अर्धवट आहे."

"आणि चौथ्याला?"

"दहापैकी दहा."

"खोटारडी! तू कुणाला पाचच्या वर देत नाहीस."

मग त्यानं कोरा कागद ओढला, समासात वाकड्या अक्षरांत वेळ लिहिली आणि म्हणाला, "चल, घड्याळ लाव."