पृथ्वी का सरकत नाही?

लोणावळ्यातल्या त्या सभागृहात लोक मला हसले, ते मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

मी औंढ्याचा. सातवीनंतर बैलांची दलाली केली, पुढे जमिनींची. मुलगी बारावीला आहे. तिच्या हट्टामुळे एका विज्ञानाच्या व्याख्यानाला गेलो. प्राध्यापक सांगत होते, दोन जड, मेलेले तारे एकमेकांभोवती फिरतात तेव्हा गुरुत्वीय लहरी निघतात. लहरी ऊर्जा नेतात आणि ती जाते ताऱ्यांच्या फिरण्यातूनच. म्हणून तारे जवळ सरकतात, आणखी जोरात फिरतात, शेवटी आदळतात. लहरी पकडता येत नव्हत्या तेव्हाही फेरीचा वेळ घटत चालला, त्यावरून शास्त्रज्ञांनी त्या ओळखल्या.

मला लगेच पटलं. बैलबाजारात सौदा रुमालाखाली होतो, बोटं दाबून. बघणाऱ्याला भाव कळत नाही. पण खांदे जवळ आले, हात भराभर हलू लागले, की आम्ही ओळखायचो, आता पटणार.

मी उभा राहिलो. "साहेब, मग पृथ्वी बी फिरतीया की सूर्याभोवती. ती का न्हाई सरकत?"

सगळे हसले. प्राध्यापकही. "काका, घाबरू नका, तुमच्या जमिनीला धोका नाही. पुढचा प्रश्न?"

उत्तर दिलंच नाही. शेजारी मुलीने मान खाली घातली, ते जास्त लागलं.

घरी तिला धारेवर धरलं. "माझं काय चुकलं, सांग!"

तिने पुस्तकं काढली, बराच वेळ आकडेमोड केली. "बाबा, बरोबर होतं तुमचं. पृथ्वीमुळेही लहरी निघतात. पण इतक्या क्षीण, की त्यांच्यामुळे पृथ्वी सूर्यापर्यंत सरकायच्या कितीतरी आधी सूर्यच विझेल."

"मंजी सरकती."

"लहरींपुरतं बघितलं तर, हो."

"मग तू मान का घातलीस खाली?"



पुढच्या व्याख्यानाला तिनेच मला ओढून नेलं. उभी राहिली आणि तोच प्रश्न शुद्ध भाषेत विचारला.

"वा! फार छान प्रश्न!" म्हणत प्राध्यापकांनी अख्खा फळा भरला. माझं डोकं फिरलं. तोच प्रश्न! माझ्या तोंडी हसण्याजोगा, तिच्या तोंडी छान! मी उठणार, तोच तिने माझा खांदा दाबला.

"सर, प्रश्न बाबांचा आहे. मागच्या वेळी तुम्ही हसलात, उत्तर राहिलं होतं."

या वेळी कुणी हसलं नाही. प्राध्यापकांनी माझ्याकडे बघून मुकाट्याने हात जोडले. मी जोडले नाहीत. हसताना आवाज केला होता, माफीलाही आवाज हवा.